रक्तपिपासू आणि पोलीस पाटील

समजा, उंब्रजच्या शिवारात ऊस तुटायला आला आहे, आणि सरीत एक प्रेत सापडलं. गळ्यावर दोन खोल छिद्रं. युरोपातल्या कादंबरीत याच जागी चर्चची घंटा वाजते आणि म्हातारा पाद्री पांढराफटक पडतो. इथे फडातला पहिला माणूस म्हणेल, ‘वाघरू असणार.’ कऱ्हाड तालुक्यात उसाचा फड म्हणजे बिबट्याचं राहतं घर. वनखात्याचा माणूस येईल, वाकून गळा बघेल आणि वरच्या दोन सुळ्यांच्या खुणा दिसल्या तर खालच्या दोन कुठे आहेत ते शोधेल. (ड्रॅक्युलाच्या घराण्यात खालच्या दातांचा हिशेब कुणीच ठेवत नाही, हे मला लहानपणापासून खटकत आलं आहे.) बिबट्या नरडं धरून श्वास कोंडतो. बाहेर फारसं रक्त सांडत नाही, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की पिऊन गेला. म्हणजे रक्त पिणाऱ्याची अफवा इथे जन्मायला हरकत नाही, फक्त तिला आधी बिबट्याशी झुंजावं लागेल.

मराठीत रक्तपिपाशाची रहस्यकथा नीट का रुजली नाही, याचं उत्तर लोक ‘आपल्याकडे विज्ञाननिष्ठा कमी’ किंवा ‘भयकथेला प्रतिष्ठा नाही’ असं देतात. मला ते पटत नाही. अडचण प्रेताची आहे. 1725 आणि 1732 च्या सुमाराला सर्बियातल्या खेड्यांमध्ये रक्तपिपाशांची प्रकरणं गाजली, तेव्हा ऑस्ट्रियाच्या लष्करी अंमलदारांसमोर आणि वैद्यांसमोर कबरी उकरल्या गेल्या. फुगलेलं अंग आणि तोंडातून ओघळलेला तांबडा द्रव पाहून गावकऱ्यांची खात्री पटली. शरीर सडताना हे होतंच. पण ते दिसायला शरीर शिल्लक असावं लागतं. आपल्याकडे बहुतेकांना अग्नी मिळतो आणि तिसऱ्या दिवशी रक्षा कृष्णेत. उठून बसायला काही उरतच नाही. म्हणून आपलं भूत बिनअंगाचं. मुंजा, हडळ, समंध, खवीस, सगळ्यांना दुसऱ्याचं अंग लागतं. ते अंगात येतं, घुमतं, बोलतं, कुणी छळलं ते सांगतं, काय राहिलं ते मागतं. रहस्यकथेच्या हिशेबात हा फार मोठा फरक आहे. रक्तपिपासू पुरावा ठेवतो आणि गप्प राहतो. आपलं भूत पुरावा ठेवत नाही, पण साक्ष देतं. ज्या कथेत मेलेलाच येऊन खुन्याचं नाव सांगतो, तिथे गुप्तहेरानं करायचं काय?

सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी 1830 मध्ये मराठीत आणलेल्या वेताळपंचविशीतला वेताळसुद्धा प्रेतात वस्तीला असतो, पण प्रेत त्याचं नव्हे. शिवाय तो राजाला चावत नाही, कोडी घालतो. मराठी कथेचा पहिला अमानवी रहस्यकार तोच म्हणायला हवा.

पुढे मराठीत या कलेच्या दोन वाटा झाल्या आणि त्या एकमेकींना क्वचितच भेटल्या. एकीकडे बाबूराव अर्नाळकर: हजाराहून अधिक रहस्यकथा, झुंजार, धनंजय, काळापहाड. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक, आणि मग अमर विश्वासला कोर्टात उभा करणारे सुहास शिरवळकर. एसटी स्टँडवरच्या स्टॉलनं आणि भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांनी ही वाट रुंद केली. पण तिचा भूगोल मुंबईचा किंवा मुंबईसारखा. गाव आलंच तर गाडी बंद पडण्यापुरतं. दुसरीकडे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी. यांच्याकडे वाडा आहे, पडवी आहे, आडगाव आहे. नसतो तो पोलीस. असलाच तर शेवटी येतो आणि ‘समजुतीपलीकडचं आहे’ अशा चेहऱ्यानं परत जातो. एका वाटेला गाव नाही, दुसरीला ठाणं नाही.

धारपांचा विचार जरा थांबून करायला हवा, कारण रक्तपिपाशाला मराठीत घर द्यायचा सर्वांत गंभीर प्रयत्न त्यांचा. ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर (1975) बेतलेली. त्या उसनवारीवरून धारपांना आजही टोमणे खावे लागतात. मला तो आरोप दुय्यम वाटतो. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्स मराठीत आणला तेव्हापासून ही वाट उसन्या माल-मसाल्यावरच चालली आहे, आणि धारपांचं मराठी इतकं घरगुती आहे की परकेपण जाणवत नाही. खरी अडचण किंगच्या गावाची आहे. त्याचं गाव मरतं ते लोक एकमेकांकडे बघत नाहीत म्हणून. पडदे ओढलेले, शेजारी चार दिवस दिसला नाही तरी कुणाला पत्ता नाही. पिशाच्चाला हे सोयीचं. आमच्याकडे सकाळी नऊपर्यंत दार उघडलं नाही तर समोरची काकू कडी वाजवते. डेअरीवर दूध आलं नाही तर तिथेच चौकशी सुरू होते. अशा गावात माणसं एकेक करून गुपचूप नाहीशी होतील, हे वाचकाला पटवणं महाकठीण. आपल्या गावातलं रहस्य दडतं ते बोलण्याच्या गलक्यात. प्रत्येकाला काहीतरी ठाऊक असतं, प्रत्येक जण ते सांगतो, आणि त्यातलं खरं नेमकं कुठलं ते कळत नाही. द. मा. मिरासदारांनी ‘भुताचा जन्म’मध्ये ही यंत्रणा विनोदासाठी वापरली. भयकथेच्या एकाही मोठ्या लेखकाला ती तितकी जमली नाही, हे मला आश्चर्याचं वाटतं.

धारपांचा भुतांशी लढणारा नायक ‘समर्थ’ आणि समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजला. या योगायोगाला फार अर्थ देऊ नये. तरी एवढं खरं की उंब्रजपासून मसूर, चाफळ, माजगाव, शिंगणवाडीपर्यंतच्या टापूत भूतबाधेवरचा उपाय आधीच हाताशी आहे आणि तो फुकट आहे. क्रूस आणि लसूण यांची जागा इथे शेंदरानं कधीच घेतली आहे. लेखकाला नवं शस्त्र शोधावं लागत नाही, पण त्यामुळे भीती टिकवणंही अवघड होतं.

पडद्यावर गोष्ट थोडी वेगळी आहे. महेश कोठाऱ्यांचा ‘झपाटलेला’ (1993) आपण हसण्यावारी नेतो. पण गुन्हेगार, इन्स्पेक्टर, गाव आणि पिशाच्च ही चौकडी एका गोष्टीत बसवणारे मराठी चित्रपट किती? तात्या विंचू अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’मधून आला, तरी त्याची सगळी धडपड दुसऱ्याच्या अंगात शिरायची आहे, आणि म्हणूनच तो इथे परका वाटला नाही. विशाल फुरियांच्या ‘लपाछपी’नं (2017) उसाचा फड चक्रव्यूहासारखा वापरला. उसात वाट चुकण्याची भीती ज्याला माहीत आहे त्याला ती दृश्यं वेगळीच लागतात. आणि ‘तुंबाड’ (2018) हिंदी असला तरी राही अनिल बर्वे यांना तो सुचला धारपांच्या ‘आजी’ या कथेवरून. न मरणारी, भुकेली, स्वतःच्याच देहात अडकलेली ती म्हातारी: रक्तपिपाशाच्या सर्वांत जवळ आपण पोचलो ते तिथे. मात्र तिथे तपास नाही, कारण लपवलेलं सगळं घरातच राहतं.

गुन्हा खरा असला की आपली कला एकदम शुद्धीवर येते. 1972 ते 1974 च्या दरम्यान परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये बायकांचे आणि लहान मुलींचे एकामागून एक खून झाले. तपासात गुप्तधन आणि पिंपळावरच्या मुंजाला रक्ताचा नैवेद्य, असं कारण पुढे आलं. मराठी मुलखात रक्त पिणाऱ्या शक्तीचा संशय आणि छोट्या गावातलं खूनसत्र इतकं जवळ दुसरीकडे आलेलं मला माहीत नाही. अमोल पालेकरांचा ‘आक्रीत’ (1981), पटकथा विजय तेंडुलकरांची, याच प्रकरणावरून आला. त्यात पिशाच्चाची भीती दाखवण्याचा सोपा मार्ग घेतलेला नाही. भीती वाटते ती हाव असलेल्या माणसांच्या शांत व्यवहाराची. आशिष बेंडे यांच्या ‘मानवत मर्डर्स’नं (2024) तपास मध्ये आणला. मुंबईहून पाठवलेले रमाकांत कुलकर्णी, भूमिकेत आशुतोष गोवारीकर. मालिका नीटस आहे, काळ चांगला उभा केला आहे. तरी तपासाचं डोकं पुन्हा बाहेरून आलेलं, स्थानिक पोलीस गोंधळलेले. प्रकरणाचा इतिहासच तसा होता, त्यामुळे मालिकेला दोष देता येत नाही. मात्र कल्पित गोष्टींनीही हाच साचा का गिरवावा?

आमच्या सातारा जिल्ह्याचं प्रकरण त्याहून ताजं. 2016 मध्ये वाई तालुक्यातल्या धोममध्ये डॉक्टर म्हणून वावरणारा माणूस पकडला गेला आणि पुरलेली प्रेतं बाहेर निघाली. त्यावरून सुचलेली ‘देवमाणूस’ 2020 मध्ये झी मराठीवर आली. खुनी कोण हे पहिल्या आठवड्यातच कळतं, नंतर गोष्ट रबरासारखी ताणली जाते. सरू आजीच्या म्हणी नसत्या तर मी मध्येच सोडली असती. पण तिच्या मुळाशी असलेली सुज्ञ गोष्ट दुर्लक्षित राहिली: इथे गावाची चूक संशयाची नाही, भरवशाची आहे. रात्री-अपरात्री सलाइन लावायला येणाऱ्याकडे कोण संशयानं बघेल? ज्याच्या हातात सुई आहे आणि ज्याला दार उघडंच मिळतं, असा रक्तपिपासू मराठी लेखकाला हवा होता. तो टीव्हीनं दिला आणि लेखकांनी घेतला नाही.

मला जी कादंबरी हवी आहे तिचं पहिलं पान एखाद्या पोलीस पाटलाच्या घरात उघडावं. प्रेत सापडल्यावर ठाण्यात पहिली खबर देणारा तो. पगारी पोलीस नाही, नुसता गावकरीही नाही. मेलेल्याचा लांबचा पाहुणा असण्याची शक्यता भरपूर. मराठी रहस्यकथेत तो बहुतेकदा दारात उभा राहून सलाम करतो आणि संपतो. पंचनामा मात्र त्याच्या डोळ्यांदेखत होतो. प्रेत उताणं, डोकं बांधाकडे, उजव्या पायात चप्पल नाही, गळ्यावर डाव्या अंगाला दोन जखमा, कपड्यावर आणि खालच्या पाचटावर रक्ताचे डाग नाहीत. मग तालुक्याचे डॉक्टर बघतात की पाठीकडे रक्त साचल्याची काळीनिळी झाक आहे की नाही. झाक नीट असेल तर रक्त अंगातच होतं, आणि गावभर चाललेली गोष्ट खोटी. झाक अगदी फिकी असेल तर मरण दुसरीकडे आलं आणि प्रेत उसात आणून टाकलं. एका वाक्याच्या नोंदीत भुताचा निकाल लागतो आणि माणसाचा शोध सुरू होतो. हे लिहायला वाडा, वटवाघूळ, अमावास्या काहीही लागत नाही. महामार्गावरचा फाटा, रात्रभर उघडा असलेला ढाबा, ऊसतोडीच्या खोप्या आणि पालीच्या यात्रेहून परतणारी माणसं एवढ्यात भागतं.

संशयिताचं काय, हा प्रश्न त्याहून मोठा आहे, आणि मराठी भयकथेनं तो टाळला आहे. गावात कुणाला ‘रक्त पिणारा’ म्हटलं जाईल? एकट्या राहणाऱ्या म्हातारीला, बाहेरून आलेल्या टोळीतल्या माणसाला, कावीळ झालेल्याला, रात्रपाळीच्या वॉचमनला. कथेत पिशाच्च खरं निघालं की गाव निर्दोष ठरतं, आणि बऱ्याच भयकथा याच सोयीवर उभ्या आहेत. साताऱ्यात राहून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य घातलं तो जादूटोणाविरोधी कायदा, 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर, आधी वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा म्हणून आला. त्याच्या अनुसूचीत एखाद्याला सैतान किंवा सैतानाचा अवतार ठरवणं हाही गुन्हा आहे, आणि अंमलबजावणीसाठी पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा दक्षता अधिकारी आहे. म्हणजे आजच्या उंब्रजमध्ये त्या उसातल्या प्रेतामागोमाग ठाण्यात दोन गुन्हे दाखल होऊ शकतात: एक खुनाचा, दुसरा शेजाऱ्याला रक्तपिपासू म्हणून पारावर उभं केल्याचा. दोन्ही तपास एकाच निरीक्षकाकडे, साक्षीदार बरेचसे तेच, आणि पहिल्या प्रकरणातला फिर्यादी दुसऱ्यात आरोपी. हृषीकेश गुप्ते यांच्यासारखा गावातल्या नात्यांची काळी बाजू जाणणारा लेखक हे पेलू शकेल. एखाद्या प्रकाशकानं ‘भय’ आणि ‘रहस्य’ असे दोन वेगळे रकाने ठेवायचं थांबवलं तर आणखीही कुणी पुढे येईल.