जुन्या गोव्यातला लोगो

पुण्याहून गोव्याला गेलेली बहुतेक माणसं बॉम जेझू बॅसिलिकेत शिरतात ती सेंट झेवियरची शवपेटी बघायला. तुम्ही आत जाण्याआधी मान वर करा. दर्शनी भिंतीच्या माथ्यावर ‘आयएचएस’ ही अक्षरं कोरलेली दिसतील. येशूच्या ग्रीक नावातली ही पहिली तीन अक्षरं, आणि ज्यांनी १५९४ ते १६०५ दरम्यान हे चर्च उभारलं त्या जेझुइट संघाची मुद्रा. आमच्या भाषेत लोगो.

आत मुख्य वेदीवर संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला उभा आहे. सगळीकडे सोन्याचा मुलामा. लोयोलाची नजर वर, तेजोवलयातल्या त्याच तीन अक्षरांकडे. संतसुद्धा स्वतःच्या संघाचा लोगो न्याहाळतोय! बरोकचं हे नाटक मला आवडतं, तितकंच खटकतं. १७५९ मध्ये पोर्तुगीजांनी जेझुइटांना हाकललं, मुद्रा मात्र जागेवर राहिली.

या वेदीवरचं लेखन बहुतेक कोरीवकामाशी थांबतं. संघाची खूण मात्र माणसांच्या अंगावरही असते. गोव्यातल्या गावोगावच्या चर्चमध्ये काँफ्रारिया आहेत, म्हणजे भाविकांचे बंधुसंघ. मिरवणुकीत त्यांचे सभासद रंगीत झगे घालून चालतात. सासष्टीतल्या कित्येक गावांत कोण कुठल्या काँफ्रारियेत, हे पिढ्यानपिढ्या जातीनं ठरवलं. नाव बंधुसंघाचं, पण झग्याच्या रंगावरून माणसाची जात कळायची. विसर्जन मिरवणुकीतल्या मानाच्या क्रमावर वाढलेल्या पुणेकराला हे वेगळं समजवायला नको.

ते झगे सणापुरते कपाटातून बाहेर येतात. गाइडच्या माहितीत येत नाहीत.