‘लॉक’ करण्यापूर्वीची शांतता : ‘कौन बनेगा करोडपती’चं आकर्षण कशात आहे?

३ जुलै २०००, सोमवार, रात्री नऊ. ‘स्टार प्लस’वर एक नवा कार्यक्रम सुरू झाला. चित्रपट पडत असलेला, कंपनी कर्जात बुडालेला एक मोठा नट सूत्रधार म्हणून समोर आला आणि म्हणाला, या, बसा, प्रश्न विचारतो. त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. वाहिनी बदलली, बक्षिसाची रक्कम वाढली, मधे एका पर्वात सूत्रधारही बदलला, तरी कार्यक्रम चालूच आहे. आज आपल्याला विचारायचं आहे ते एवढंच, की हा टिकला कशामुळे? आणि त्याने आपल्याला काय दाखवलं आणि काय झाकून ठेवलं?

दोन उत्तरं लगेच येतात. पहिलं, पैसा. दुसरं, अमिताभ बच्चन. दोन्ही अपुरी आहेत. पैशाचंच बघा. २००० सालीच ‘झी’ने ‘सवाल दस करोड का’ आणला. बक्षीस दहापट. अनुपम खेर आणि मनीषा कोईराला सूत्रधार. थोड्याच महिन्यांत तो गुंडाळावा लागला. म्हणजे रकमेवर शून्य वाढवून लोक बसत नाहीत. आता अमिताभ. त्यांचा वाटा मोठा आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण मूळ कार्यक्रम ब्रिटनचा, ४ सप्टेंबर १९९८ ला ‘आयटीव्ही’वर सुरू झालेला. तिथे ख्रिस टॅरंट होते. मग तो जगभर कितीतरी देशांत गेला आणि प्रत्येक ठिकाणी स्थानिक सूत्रधार घेऊन चालला. तेव्हा या यंत्राच्या रचनेतच काहीतरी असलं पाहिजे.

ते समजायला आधीची प्रश्नमंजूषा आठवावी लागेल. ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ आधी रेडिओवर होती, नंतर टीव्हीवर आली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं ‘क्विझ टाइम’ आलं. महाविद्यालयांचे संघ, झरझर इंग्रजी, बझर, गुण. आपल्यातले पुष्कळ जण ते कौतुकाने बघायचे, पण बाहेरून बघायचे. उत्तर आलं तर आनंद, नाही आलं तर ‘हुशार मुलं आहेत बुवा’. पुढे याच बसूंनी ‘मास्टरमाइंड इंडिया’ केलं. ‘मास्टरमाइंड’ मूळ बीबीसीचं, १९७२ चं. ते ज्यांना सुचलं ते बिल राइट दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होते. तिथल्या चौकशीच्या अनुभवावरून त्यांनी काळी खुर्ची, अंधार आणि एकट्या माणसावरचा झोत ही मांडणी केली. प्रश्नमंजूषा म्हणजे उलटतपासणी, हा तिथला गाभा.

आणि गंमत अशी, की ‘केबीसी’ भारतात घडवणारेही हेच सिद्धार्थ बसू. खुर्ची तीच, झोत तोच, पण तीन गोष्टी बदलल्या. प्रश्न हिंदीत आला. उत्तराचे चार पर्याय समोर ठेवले गेले. आणि घाई काढून टाकली. पहिल्या पर्वात ‘फास्टेस्ट फिंगर’ची फेरी पार करून एकदा हॉट सीटवर बसलात, की पाहिजे तेवढा विचार करा. सुरुवातीच्या प्रश्नांना घड्याळ लागलं ते नंतर. चार पर्याय असले की घरात बसलेली आजीसुद्धा ‘बी असणार’ म्हणू शकते. तिला उत्तर आठवायचं नसतं, ओळखायचं असतं. ज्ञानाची परीक्षा आणि ओळखीची परीक्षा यांत फरक आहे, आणि तो फरकच कार्यक्रमाला स्वयंपाकघरापर्यंत घेऊन गेला.

पण खरी मेख आणखी पुढे आहे. इतर स्पर्धांत प्रश्न बघून थांबायची आणि मिळालेलं घेऊन जायची सोय सहसा नसते. इथे प्रश्न बघून, वाचून, चारही पर्याय चाखून तुम्ही म्हणू शकता, ‘मी थांबतो.’ आमच्या मते हा कार्यक्रम उत्तरांचा नाहीच. थांबायचं की नाही, या निर्णयाचा आहे.

पहिल्या पर्वाची शिडी घ्या. १,००० पासून १ कोटीपर्यंत पंधरा प्रश्न. दोन पडाव, १०,००० आणि ३,२०,०००. आता समजा तुम्ही ६,४०,००० वर आहात. चुकलात तर ३,२०,००० जातात, बरोबर आलात तर १२,५०,००० होतात, म्हणजे मिळकत साधारण दुप्पट. थोडीशी खात्री असली तरी पुढे जाणं परवडतं. आता ५० लाखांवर या. बरोबर आलात तर आणखी ५० लाख. चुकलात तर थेट ३,२०,००० वर, म्हणजे ४६,८०,००० गेले. इथे गणित जवळजवळ छापा-काट्यावर येऊन ठेपतं. वर चढाल तशी जास्त खात्री लागते, आणि प्रश्न तर वर चढाल तसे अवघड होत जातात. रचना अशी आहे.

हे झालं कागदावरचं गणित. कागदावर सगळ्यांचे ४६,८०,००० सारखे असतात. घरी मात्र तसं नसतं. ज्याचं बरं चाललं आहे त्याच्यासाठी ती रक्कम गमावणं म्हणजे चुकचुकणं. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, बहिणीचं लग्न आहे, गळकं छप्पर आहे, त्याच्यासाठी ते सगळं आयुष्य. दोघांनाही उत्तर तेवढंच माहीत असेल, साठ टक्के म्हणा. पहिला खेळेल, दुसरा थांबेल. आणि आपण घरी बसून म्हणू, ‘अरे, येत होतं की त्याला! हिंमत कमी पडली.’ हिंमत नाही हो मंडळी, ऐपत. धोका पत्करायला ऐपत लागते.

‘फोन अ फ्रेंड’चंही तेच होतं. फोन कोणाला लावायचा? एकाच्या यादीत प्राध्यापक, डॉक्टर, दिल्लीत अभ्यास करणारा भाचा. दुसऱ्याच्या यादीत गावातले मास्तर. प्रश्न सर्वांना सारखा, पण मदतीला धावणारं गोत सारखं नाही. समान संधीचा इतका स्वच्छ देखावा आपल्या टीव्हीवर दुसरा नाही. आणि त्या देखाव्यातून असमानता इतकी स्पष्ट दिसते, तीही दुसरीकडे दिसत नाही. लॉक करण्यापूर्वी जी शांतता पसरते, तिच्यात हे सगळं असतं. म्हणून आपण श्वास रोखतो.

आता इतिहासाकडे तीन माणसांमधून पाहू. ऑक्टोबर २००० मध्ये पहिला करोडपती झाला तो मुंबईचा मराठी तरुण, हर्षवर्धन नवाथे. वय २७, नागरी सेवा परीक्षेची तयारी करणारा. त्या काळाला तो अगदी शोभणारा नायक होता : अभ्यासू, शहरी, पुस्तकांच्या ढिगातून वर आलेला. दुसरा २०११ मधला, बिहारच्या मोतिहारीचा सुशील कुमार. ‘मनरेगा’त संगणक चालवणारा, महिन्याला सहा हजार मिळवणारा, पाच कोटी जिंकणारा. तिसऱ्या २०१९ मधल्या, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या, मानधन महिना १,५००. त्यांनी एक कोटी जिंकले.

या तीन नावांमधून कार्यक्रमाचा प्रवास दिसतो. नवाथेंच्या वेळी आपण त्याचा अभ्यास बघत होतो. सुशील कुमारपर्यंत येता येता अभ्यासाइतकाच पगार महत्त्वाचा झाला. ताडेताईंच्या वेळी तर चूल, पातेलं, घर असं सगळं चित्रफितीत आधी येतं आणि मग प्रश्न येतो. एका अर्थी ही प्रगतीच. हॉट सीट तालुक्यापर्यंत पोहोचली. अमिताभ खुर्ची सरकवून देतात, ‘आप’ म्हणतात, आणि ज्या बाईला कचेरीत कोणी बसा म्हटलं नसेल तिला देश बसलेली पाहतो. या मानाचं मोल कमी लेखू नये.

पण टीका करायची ती इथेच. ताडेताईंनी सांगितलं, की घरात सगळ्यांत मिळून एकच मोबाईल आहे, आपल्याला एक हवा आहे. अमिताभनी मोबाईल भेट दिला. टाळ्या झाल्या, डोळे भरून आले. आमचेही आले. पण रोज शेकडो मुलांचं जेवण रांधणाऱ्या बाईला तेव्हा महिन्याला दीड हजार का, हा प्रश्न त्या सोळा-पंधरा प्रश्नांच्या शिडीत बसत नाही. त्याला पर्याय ए, बी, सी, डी नाहीत. कार्यक्रम गरिबीची गोष्ट मागतो, ती सुंदर प्रकाशात दाखवतो, आणि उत्तर म्हणून एकाच माणसाला धनादेश देतो. जो हक्क असायला हवा तो बक्षीस होतो. बाकीच्या स्वयंपाकिणी दुसऱ्या दिवशी त्याच दीड हजारांवर कामाला गेल्या.

आणि धनादेशानंतर? सुशील कुमार यांनी २०२० मध्ये स्वतःच फेसबुकवर लिहिलं, की जिंकल्यानंतरचा काळ आयुष्यातला फार वाईट काळ ठरला. पैसे मागणारे, फसवणारे, व्यसनं, घरातले ताण. पडदा पडल्यानंतरचं हे प्रकरण कार्यक्रमाच्या चौकटीबाहेरचं आहे.

मराठीतही हे यंत्र आलं. २०१३ मध्ये ‘ई टीव्ही मराठी’वर सचिन खेडेकरांसह ‘कोण होईल मराठी करोडपती’, पुढे २०१९ मध्ये ‘सोनी मराठी’वर नागराज मंजुळे यांच्यासह ‘कोण होणार करोडपती’. नावं ऐका जरा. ब्रिटनमध्ये विचारलं होतं, कोणाला व्हायचंय? हिंदीने विचारलं, कोण बनेल? मराठीत ‘होईल’चं ‘होणार’ झालं. इच्छेपासून निघून आपण जवळपास भाकितावर आलो. ‘होणार’ म्हटलं, की कोणीतरी नक्की होणार, मग मी का नाही? स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षं बसलेली आपली मुलं हेच वाक्य मनाशी म्हणत असतात. जागा थोड्या, माहिती अफाट, आणि आशा ‘होणार’ची.

तर मग बघायचं की नाही? जरूर बघा. विचार करणारा माणूस, कपाळाला आठ्या घालून, पुटपुटत, स्वतःशी वाद घालत, इतका वेळ पडद्यावर दुसरा कोणता कार्यक्रम दाखवतो? चर्चांच्या कार्यक्रमांत तर सगळ्यांची उत्तरं आधीच लॉक असतात. इथे ‘मला माहीत नाही, मी थांबते’ असं म्हणणाऱ्या बाईसाठी लोक टाळ्या वाजवतात. एवढी गोष्ट जरी घरातल्या मुलांनी उचलली तरी पुष्कळ झालं.

फक्त एक करा. पुढच्या वेळी कोणी थांबलं, तर ‘उत्तर येत होतं का’ एवढंच विचारू नका. चुकणं त्याला किती महाग पडलं असतं, हेही विचारा.