कुणी नेईल का आपल्याला?

दुसऱ्या महायुद्धावरची कादंबरी म्हटली की बॉम्ब आणि पडझड डोळ्यांसमोर येते. नीना बॉडेन यांच्या ‘कॅरीज वॉर’मध्ये (१९७३) मात्र युद्धाचा पहिला घाव बसतो तो वेल्समधल्या एका छोट्या खाणगावाच्या सभागृहात.

१ सप्टेंबर १९३९ पासून तीन-चार दिवसांत ब्रिटनमध्ये सुमारे १५ लाख लोकांना शहरांतून सुरक्षित गावांकडे हलवण्यात आलं. त्यांतली निम्म्याहून अधिक शाळकरी मुलं होती. अंगावर नावाची चिठ्ठी, सोबत गॅस मास्कचा खोका. लंडनहून आलेली कॅरी आणि तिचा धाकटा भाऊ निक ही अशीच दोन मुलं. गावकरी सभागृहात येतात, मुलं न्याहाळतात आणि पसंत पडेल त्याला घरी नेतात. तिथं भेटलेल्या, त्यांच्यासारख्याच पाठवल्या गेलेल्या अल्बर्ट सँडविच या मुलाला हा सगळा प्रकार गुरांच्या बाजारासारखा वाटतो.

या प्रसंगात कुणीच दुष्ट नाही, हे बॉडेन यांचं कसब. गावकरी परक्या लेकरांना आसराच देताहेत. पण निवेदन कॅरीच्या नजरेपुरतंच राहतं आणि त्या नजरेला दिसते ती फक्त आपल्यावरून पुढे सरकणारी पसंती. निक जरा हसला असता तर, आपण नीट दिसलो असतो तर, असं तिला वाटत राहतं. मोठं माणूस इथं व्यवस्थेला दोष देईल. मूल स्वतःतच खोट शोधतं. शेवटी गावातली आंटी लू त्या दोघांना नेते, पण ती शरम कॅरीच्या मनातून जात नाही.

म्हणूनच पुढचा कवटीचा प्रसंग या सभागृहाशी जोडून वाचावा. ड्रुइड्स बॉटम या घरातली जुनी कवटी बाहेर गेली तर घरावर संकट येईल, असा समज असतो. ती कवटी कॅरी रागाच्या भरात तळ्यात फेकते. गाव सोडताना आगगाडीतून तिला ते घर पेटलेलं दिसतं, आणि ही आग आपल्यामुळेच लागली, असं मानून ती तीस वर्षं जगते. वरवर हा अंधश्रद्धेचा खेळ वाटतो. खरं तर जे बिघडलं ते आपल्यामुळे, हा धडा ती सभागृहातच शिकली आहे.

बॉडेन स्वतः लहानपणी अशाच वेल्सला पाठवल्या गेल्या होत्या. तरी त्या कुठं कळवळा मागत नाहीत. सुरक्षित जागी पोचलेल्या मुलालाही युद्ध कसं गाठतं, हे त्या एका खोलीतल्या निवडीतून दाखवतात, आणि हेच या कादंबरीचं मोठेपण आहे.