‘बॉटल रॉकेट’ : वीराभासापासून वीराकडे

१

वेस अँडरसन या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘बॉटल रॉकेट’ हा पहिला दीर्घ चित्रपट १९९६ साली प्रदर्शित झाला. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात शिकत असता अँडरसन आणि ओवेन विल्सन यांचा स्नेह जुळला. दोघांनी मिळून संहिता लिहिली. प्रथम त्यातून सुमारे तेरा मिनिटांचा एक कृष्णधवल लघुपट निघाला व पुढे कोलंबिया या चित्रसंस्थेच्या आश्रयाने त्याचाच विस्तार होऊन दीड तासाची ही कृती सिद्ध झाली. हॉलिवुडच्या मानाने खर्च अल्प, प्रमुख नट नवखे, आणि चित्रीकरण बहुतांशी डॅलस व त्याच्या आसपासचे. उत्पन्न तर दहा लक्ष डॉलरांपर्यंतही पोहोचले नाही. पुढे २००० साली मार्टिन स्कोर्सेसीसारख्या ज्येष्ठ दिग्दर्शकाने या तरुणाविषयी आदराने लिहिले आणि तेव्हापासून चित्रपटाकडे अभ्यासकांचे लक्ष वळले.

या चित्रपटावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा, की हा निरुद्योगी तरुणांविषयीचा तितकाच निरुद्योगी चित्रपट आहे. त्यात चोऱ्या आहेत पण भय नाही, दारिद्र्य आहे पण भूक नाही, आणि विनोद आहे पण त्यातून काही निष्पन्न होत नाही. हा आक्षेप सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. तथापि तो घेणारे या विनोदाचे मूळ कोठे आहे याचा शोध घेत नाहीत. तो शोध घेण्यास आपल्या रसविचारातील ‘आभास’ ही संकल्पना विशेष उपयुक्त ठरते, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२

कथानक थोडक्यात असे आहे. अँथनी (ल्यूक विल्सन) हा मनाचा थकवा घालविण्यासाठी स्वेच्छेने ॲरिझोनातील एका रुग्णालयात राहिलेला तरुण. त्यास कोणी कोंडून ठेवलेले नाही. परंतु त्याचा मित्र डिग्नन (ओवेन विल्सन) त्यास ‘सोडविण्या’साठी बाहेर झुडपांत दबा धरून बसलेला आहे. मित्राचा हिरमोड होऊ नये म्हणून अँथनी चादरींना गाठी मारून खिडकीतून खाली उतरतो. डिग्ननने एका वहीत पुढील पंचाहत्तर वर्षांची योजना लिहून ठेवलेली आहे. सरावादाखल पहिली चोरी होते ती अँथनीच्या स्वतःच्याच घरी. पुढे बॉब (रॉबर्ट मसग्रेव्ह) या तिसऱ्या मित्राची मोटार घेऊन हे एक पुस्तकांचे दुकान लुटतात व एका रस्त्याकाठच्या मोटेलात दडून राहतात. तेथे खोल्या झाडणाऱ्या इनेझ (लूमी काव्हासोस) या पाराग्वायच्या तरुणीवर अँथनीचे प्रेम जडते. अखेरीस हिरवळ राखण्याच्या व्यवसायाआडून दरोडे घालणारा मिस्टर हेन्री (जेम्स कान) यांना एका शीतगृहाच्या तिजोरीवर धाडतो. दरोडा पुरता फसतो, डिग्नन तुरुंगात जातो, आणि त्याच वेळी हेन्रीने बॉबचे घर धुऊन नेलेले असते.

३

हास्य हे शृंगाराच्या अनुकृतीतून उद्भवते, असे भरताने सांगितले. अभिनवगुप्ताने या विधानाचा विस्तार करून दाखविला, की केवळ शृंगाराचाच नव्हे तर कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होऊ शकतो. आभासाचे मूळ अनौचित्यात असते. स्थायी भाव खरा असला, पण त्यास मिळालेले आलंबन अयोग्य असले, म्हणजे रस न होता रसाभास होतो, आणि पाहणाऱ्यास हसू येते.

डिग्ननचा स्थायी भाव उत्साह हा आहे, याविषयी संशय घेण्यास जागा नाही. व्यूहरचना, सांकेतिक खुणा, एकसारखे पिवळे पोशाख, प्रत्येकाची नेमलेली जागा इत्यादी वीराची सर्व सामग्री त्याच्यापाशी आहे. नाही ते केवळ योग्य आलंबन. ज्या रुग्णालयाचे दार उघडेच आहे तेथून तो मित्राची सुटका करवितो. ज्या घराची किल्ली मित्रापाशी असावयाची त्या घरावर धाड घालतो. पुस्तकांच्या दुकानात शिरताना नाकावर चिकटपट्टी लावून वेशांतर झाले असे मानतो. यांपैकी एकाही प्रसंगी तो थट्टा करीत नाही. तो मनःपूर्वक गंभीर आहे म्हणूनच प्रसंग हास्यकारक होतो. थट्टेखोर नायकाच्या विनोदाहून या विनोदाची जात भिन्न आहे, आणि चित्रपटाचा संयत, न ओरडणारा सूर याच कारणाने त्यास शोभतो.

अँथनी याच्या नेमका उलट. त्याच्या ठिकाणी एक प्रकारचा निर्वेद आहे. जलक्रीडा करणार की उन्हात पडणार, असे कोणी विचारले असता यापुढे असल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला कधीच द्यावयाचे नाही असे त्यास जाणवले, आणि तेथूनच त्याच्या आजाराचा आरंभ झाला. निर्वेदालाही येथे आलंबन मिळाले आहे ते असे क्षुल्लक! त्याची शाळकरी बहीण त्यास सरळ विचारते, की ज्याने आयुष्यात एक दिवसही काम केले नाही त्यास थकवा आला कशाने? या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नाही. एकाला विनाकारण उत्साह, दुसऱ्याला विनाकारण वैराग्य. आणि दोघांचे सख्य टिकते, कारण ज्याला काहीच करावेसे वाटत नाही त्याला दुसऱ्याच्या वहीतील पंचाहत्तर वर्षे हाच एक आधार आहे.

४

हा आभास अखेरपर्यंत आभासच राहता तर चित्रपट एका चांगल्या प्रहसनाच्या पलीकडे गेला नसता. शीतगृहाच्या प्रसंगी मात्र एक पालट घडतो. तिजोरी उघडत नाही; अनपेक्षितपणे कामगार समोर येतात; आणि ॲपलजॅक नावाचा वयस्क साथीदार हृदयविकाराच्या झटक्याने कोसळतो. सारे पळण्याच्या तयारीत असता डिग्नन त्याला आणण्यासाठी एकटा परत फिरतो. आपण निरपराध आहोत, म्हणून आपल्याला कोणी पकडू शकणार नाही, असा हवाला तो जाता जाता देतो, आणि पकडला जातो.

येथे उत्साह तोच आहे, भाषा तीच आहे, मूर्खपणाही तोच आहे. पालटले आहे ते आलंबन. चोरीच्या ठिकाणी आता एका असहाय माणसाची सुटका आली आहे. ज्या क्षणी स्थायी भावाला उचित विषय लाभतो त्या क्षणी आभास गळून पडतो व वीर उरतो. चित्रपटाच्या आरंभी एक सुटका होती, जिची कोणाला गरज नव्हती. अखेरीस एक सुटका येते, जिची खरोखर गरज आहे. या दोन टोकांमुळे मधल्या सैल वाटणाऱ्या कथानकाला बांधणी लाभली आहे, ही गोष्ट वर उल्लेखिलेल्या आक्षेपकांच्या नजरेतून निसटते.

शीर्षकाचा अर्थही येथेच लागतो. दिवाळीत आपल्याकडे बाटलीत उभा करून जो बाण उडवितात तोच ‘बॉटल रॉकेट’. त्याने काही साधत नाही. क्षणभर तो वर मात्र जातो.

५

गुणांबरोबर उणिवांचाही विचार करावयास हवा. मारिओ मोनिचेल्लीचा ‘ई सोलिती इन्योती’ (१९५८) हा इटालियन चित्रपट याच कुळातला. त्यातील रोममधील भुरटे चोर भलतीच भिंत फोडतात आणि स्वयंपाकघरात मिळालेले चणे घातलेले पास्ता खाऊन परततात. ते खाणे हास्यकारक आहे व हृद्यही आहे, कारण त्यांची भूक खरी आहे. अँथनी आणि बॉब यांच्या मागे सुस्थित घरे आहेत. त्यांचे निष्कांचनत्व हे बव्हंशी घरातून बाहेर पडल्याचे निष्कांचनत्व होय.

खरे काम करणारी माणसे या चित्रपटात वेगळी आहेत. इनेझ, उपाहारगृहात भांडी घासणारा रॉकी, शीतगृहातील कामगार. या माणसांकडे कथेचे लक्ष पुरेसे जात नाही. इनेझला इंग्रजी येत नाही व अँथनीला स्पॅनिश येत नाही, म्हणून रॉकी दुभाषी होतो. इनेझचे अँथनीवर प्रेम आहे हा तिचा निरोप डिग्ननला सांगताना तो उत्तम पुरुषच कायम ठेवतो, आणि हे प्रेम रॉकीचेच आहे असे समजून डिग्नन तो निरोप पोहोचवीतच नाही. एका सर्वनामावर एक प्रेमकथा अडून राहते. भाषांतराच्या अभ्यासकांनी हा प्रसंग अवश्य पाहावा. परंतु इनेझच्या आयुष्याविषयी आपल्याला जवळजवळ काहीच कळत नाही. पुढे दूरध्वनीवर ती इंग्रजीत बोलते. ती भाषा तिने कशी व किती कष्टाने मिळविली, हे पाहण्याची उत्सुकता चित्रपटाला नाही.

तिजोरी फोडणाऱ्या कुमारविषयीही असेच म्हणावे लागते. ही भूमिका करणारे कुमार पल्लना यांचा जन्म १९१८ साली होळकरांच्या इंदुरात झाला. काठ्यांवर थाळ्या फिरविण्याचे खेळ करीत ते अमेरिकेत स्थिरावले. डॅलसमधील त्यांच्या कॉफीगृहात अँडरसन व विल्सन यांचा राबता असे. त्या ओळखीतून हा वृद्ध कलावंत पडद्यावर आला आणि अँडरसनच्या पुढील चित्रपटांतही दिसला. २०१३ साली ते निवर्तले. त्यांच्या मुद्रेवरील निर्विकारपणा हा या दरोड्यातील उत्कृष्ट विनोद आहे. मात्र आपले कसब हरवलेल्या या माणसाचे ते कसब एके काळी खरेच होते काय, हा प्रश्न चित्रपट केवळ हशासाठी उपस्थित करतो व सोडून देतो.

या उणिवा मान्य करूनही मूळ निर्णय बदलत नाही. शेवटच्या दृश्यात मित्र डिग्ननला तुरुंगात भेटावयास येतात. त्यांच्यासाठी त्याने तेथे स्वतः घडविलेली पट्ट्याची बक्कले आणलेली असतात. पंचाहत्तर वर्षांच्या योजनेतून हाती आलेली, त्याने स्वतःच्या हाताने केलेली ही एकमेव वस्तू. मग तो पलायनाचा एक बेत गंभीरपणे सांगू लागतो; मित्र क्षणभर गोंधळतात; आणि ती थट्टा असल्याचे कळते. ज्याला आजवर थट्टा साधली नाही तो प्रथमच थट्टा करतो. स्वतःच्या उत्साहाकडे दुरून पाहण्याची शक्ती त्याला आली आहे, आणि ती येण्यासाठी त्याने मोल दिले आहे. निरुद्योगी मानल्या गेलेल्या या चित्रपटाने आपल्या नायकाला येथवर आणून सोडले, ही लहान कामगिरी नव्हे.