यातला कापतो कोणता?

आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये सात अडकित्ते आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारातून, कोल्हापूरहून, एक नाशिकहून, असे दर सुट्टीत एकेक करून जमवलेले. मोर, पोपट, घोडा, सगळे पितळेचे आणि लखलखीत. दिवाळीला येणाऱ्यांना ते दाखवायचे आणि "अगं, किती सुंदर!" हे ऐकायचं, हा माझा ठरलेला कार्यक्रम!

गेल्या दिवाळीत फराळाला ह्यांचे एक फ्रेंच सहकारी आले. त्यांना खिशातल्या घडीच्या चाकूंचा नाद. पाच मिनिटं माझे अडकित्ते न्याहाळून त्यांनी विचारलं, "यातला कापतो कोणता?" मंडळी, मला उत्तर देता येईना. सातांपैकी एकानेही माझ्या हातून सुपारी कातरलेली नव्हती.

त्यांनी मग आपला चाकू काढला. लायोल हे फ्रान्समधलं एक गाव, त्याच्या नावाचा हा चाकू. त्या नावाचे बरेचसे चाकू मात्र तिएर नावाच्या दुसऱ्याच शहरात बनतात. स्प्रिंगच्या टोकावर एक माशी कोरलेली. ती नेपोलियनने बहाल केली असं सांगतात, पण ती दंतकथाच. ते म्हणाले, "माशी कोणीही कोरेल. पातं उघडताना हाताला काय जाणवतं, मिटल्यावर ते मधोमध बसतं का, मूठ आणि धातू यांच्या सांध्यावर नख अडकतं का, ते बघायचं." शिवाय ओपिनेल नावाचा एक चाकू आहे. १८९० साली साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेलने तो बनवला. लाकडी मूठ, एक पातं, आणि १९५५ नंतर पातं जागेवर धरून ठेवणारी एक फिरती कडी. नक्षी अजिबात नाही, तरी संग्राहक त्याला मान देतात, कारण तो काम चोख करतो.

पाहुणे गेल्यावर मी रोठा सुपारी काढली आणि परीक्षा घेतली. मोराने सुपारी कातरली नाही, चिरडली; निम्मी सोफ्याखाली गेली. त्याची चोच माझ्या तळहातात रुतली, आणि खिळा सैल असल्यामुळे पातं बाजूला सरकत होतं. मग स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधून आठवा अडकित्ता काढला, माझ्या आजीचा. साधा, लोखंडी, काळा पडलेला. शोकेसमध्ये शोभणार नाही म्हणून मीच तो आत टाकला होता. त्याचे दांडे लांब, त्यामुळे जोर कमी लागतो. सुपारी खिळ्याच्या जवळ धरली की आणखी कमी. कच्चकन आवाज झाला आणि पातळ चकती हातात आली.

म्हणजे नक्षी वाईट, असं मला म्हणायचं नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. दिनकर केळकरांनी दिवंगत मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी जमवलेला तो वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह १९७५ साली शासनाला दिला. त्यांनी दिवे, भांडी, अडकित्ते गोळा केले, म्हणजे घरात वापरल्या जाणाऱ्या वस्तूंना मान दिला. आपण मात्र काचेतून फक्त आकार पाहतो. चांगल्या कारागिराच्या पोपटाची पाठ तळहातात बसली पाहिजे. ती बसत नसेल तर तो अडकित्ता नव्हे, पितळेचं खेळणं. माझ्या सातांपैकी पाच खेळणीच निघाली.

आता कोणी म्हणेल, सुपारी खायचीच कशाला? बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी कर्करोगाला कारण ठरते असं २००३ साली जाहीर केलं. माझ्या घरात ती कोणी खात नाही, खाऊही नये. पण आपल्याकडे लग्न ठरलं की सुपारी फुटते, पूजेत सुपारीचा गणपती बसतो. आणि हे केवळ आपलंच नाही. इथल्या मलय भाषेत सुपारीला 'पिनांग' म्हणतात आणि मागणी घालण्याला 'मेमिनांग'. अडकित्त्याला 'काचिप' म्हणतात. आर्मेनियन स्ट्रीटवरच्या पेरानाकान संग्रहालयात पानसुपारीचे संच पाहताना माझी लेक म्हणाली होती, "आई, हे तर पणजीचं!" तिला ते ओळखता आलं, पण धरायचं कसं हे माहीत नव्हतं. दोष तिचा नाही. तिच्या हातात तो मी कधी दिलाच नव्हता.

या हळदीकुंकवाला तबकातली सुपारी तिने कातरली, आजीच्या अडकित्त्याने. पहिल्या दोन उडाल्या, तिसरी जमली. बायकांनी ती खाल्ली नाही, कौतुक मात्र केलं. मोर अजून शोकेसमध्येच आहे. आजीच्या अडकित्त्याच्या खिळ्याला खोबरेल तेल लावून मी तो पूजेच्या डब्यात ठेवला आहे.

आपल्याही घरात असा एखादा असेल. या सुट्टीत भारतातून आणखी एक आणण्यापूर्वी घरातला आधी चालवून पाहा, आणि दुकानदाराला किंमत विचारण्याआधी एक सुपारी मागा.