विहरण आणि प्रवास : भेडाघाटच्या सहलीच्या निमित्ताने

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेतील कमानिया गेटचे नाव ऐकले की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एखाद्या कोटाची वेस येते. प्रत्यक्षात या कमानीला तट नाही आणि तिच्यातून पलीकडे गेले तरी माणूस बाजारातच असतो. १९३९ मध्ये त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक म्हणून ती उभी राहिली. सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखालील आणि पक्षांतर्गत संघर्षामुळे गाजलेले ते अधिवेशन शहराबाहेर, नर्मदेच्या परिसरात झाले होते. कलचुरींच्या राजधानीचे, म्हणजे आजच्या तेवर या लहानशा गावाचे जुने नाव त्याला मिळाले. शहराबाहेर जे घडले त्याची खूण शहराच्या पोटात, सराफ्याजवळ उभी आहे. त्या तेवरवरून पुढे जाणारा रस्ता भेडाघाटला पोहोचतो. हे अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे. सकाळी निघून दिवेलागणीला घरी यावे इतकेच. पाहुणा आला की त्याला भेडाघाट दाखवून आणणे हा जबलपूरकरांचा, मग ते कोणत्याही भाषेचे असोत, रिवाज आहे.

अशा सहलीला मराठी वाङ्मयविचारात जागा कोणती? प्रवासवर्णनाचा इतिहास सांगताना मराठी समीक्षा सहसा गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून निघते आणि अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’, गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’, पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ या मुक्कामांवरून पुढे जाते. मुक्कामांची ही यादी पाहिली तरी तिच्यामागचा निकष ध्यानात येतो. तो निकष अंतराचा आहे. वरसईचा भटजी द्रव्यार्जनासाठी उत्तरेत जातो आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडतो. गाडगीळ, देशपांडे समुद्र ओलांडतात. जितके दूर जावे तितका अनुभव अपूर्व आणि जितका अनुभव अपूर्व तितके लेखन प्रवासवर्णन या नावास पात्र, असा हा अव्यक्त कोटिक्रम आहे. याउलट सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या माणसाच्या लेखनाची रवानगी लघुनिबंधात किंवा ललित गद्यात केली जाते. तिथे स्थळ हे निमित्त ठरते आणि लेखकाचे चिंतन हाच विषय. शास्त्रीय वर्गीकरण म्हणून ही विभागणी कदाचित सोयीची असेल. परंतु तिच्यामुळे जवळचे गाव हे पाहण्याचे स्थळ असू शकते, ही शक्यताच समीक्षेच्या दृष्टीआड झाली.

ही विभागणी मराठी गद्याच्या आरंभाशी ताडून पाहिली तर ती किती अर्वाचीन आहे हे कळते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त श्रीचक्रधरांच्या दिनक्रमाला एक ठाशीव लय आहे. पूजावसर, विहरण, आरोगणा, पहुड. यांतले विहरण म्हणजे मुक्कामाच्या गावाभोवती, एखाद्या देवळापर्यंत, मळ्यापर्यंत, नदीकाठापर्यंत जाणे आणि परत येणे. ते ज्या वस्तीच्या आधाराने घडते तिला अवस्थान हा शब्द आहे. अवस्थान नसेल तर विहरण नाही. असेल तो केवळ संचार. ‘एकांका’तील एकाकी, दीर्घ भ्रमण आणि ‘पूर्वार्धा’तील भक्तमंडळींसह केलेले विहरण यांतला फरक मैलांचा नाही. दुसऱ्या प्रकारात मागे कोणीतरी वाट पाहत आहे, आरोगणेची वेळ ठरलेली आहे, आणि वाटेत जे दिसले त्याविषयी बोलायला सोबती आहेत. लीळा घडते ती बहुधा या बोलण्यात. दूरच्या प्रवासात निवेदकाला स्थळाचे सारे वर्णन वाचकासाठी करावे लागते, कारण वाचकाने ते पाहिलेले नसते. विहरणातले स्थळ मात्र सोबत्यांना ठाऊक असते; म्हणून वर्णन आखूड होते आणि प्रश्नोत्तराला जागा मिळते. ‘लीळाचरित्रा’तील स्थळवर्णनांचा लाघव हा केवळ शैलीचा गुण मानण्याचा प्रघात आहे. त्याचे एक कारण स्थळाच्या या परिचितपणात आहे, हे येथे सुचवावयाचे आहे. पुढे महानुभावांना या स्थळांची नोंद करणारी ‘स्थानपोथी’ स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागली. ज्यांना ती स्थळे डोळ्यांपुढे आणता येत होती ती पिढी गेल्यानंतरची ही गरज होय.

अर्थात तेराव्या शतकातील विहरण आणि आजची रविवारची सहल यांत सरळ वंशसंबंध जोडणे भाबडेपणाचे होईल. विहरणाला सुट्टी लागत नाही, सहलीला लागते. आणि सुट्टी ही आपोआप मिळालेली वस्तू नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी १८९० मध्ये मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे, आणि त्या मागणीत रविवार हा खंडोबाचा वार असल्याचा आधारही होता. धर्माचा वार आणि विश्रांतीचा वार एकाच मागणीत यावेत, हे सहलीच्या मराठी इतिहासाचे खरे आरंभस्थळ म्हणता येईल. लघुनिबंधकारांच्या निवांत भटकंतीत या आरंभाचा मागमूस क्वचितच दिसतो.

इतर भाषांत मात्र सहलीला कथनाचा कणा म्हणून वापरल्याची उदाहरणे आहेत. मोपासाँच्या १८८१ मधील कथेत पॅरिसच्या एका लोखंडी सामानाच्या दुकानदाराचे कुटुंब सीन नदीकाठी एक दिवस घालवते. दिवस मावळण्यापूर्वी मुलीच्या आयुष्यात जे घडायचे ते घडते. वर्षानंतर ती विवाहित होऊन त्याच जागी येते, आणि कथा तिथे थांबते. या कथेतून संध्याकाळी परतण्याचे बंधन काढले तर कथाच उरत नाही. दुसरे उदाहरण उर्दूचे. मिर्झा फरहतुल्ला बेग यांच्या ‘फूलवालों की सैर’मध्ये शाहजहानाबादचे नागरिक पावसाळ्यात मेहरौलीला जातात. बख्तियार काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढते आणि योगमायेच्या मंदिरात पंखा. ही सैर काही दिवसांची, पण शहर आणि त्याच्या शेजारचे लहान गाव यांचे नाते हाच तिचा विषय. बेग लिहितात तेव्हा बादशाही संपून बराच काळ लोटला आहे, म्हणून जवळची मेहरौली कालाच्या अंगाने दूर गेलेली आहे. मोपासाँकडे सहल इच्छेची आहे, बेग यांच्याकडे स्मृतीची. मराठीतला पर्याय कोणता, हे भेडाघाटाच्या उदाहरणाने तपासता येते.

भेडाघाटविषयी इंग्रजीत दोन लेखन-परंपरा दिसतात आणि त्यांतला भेद आपल्या दृष्टीने उद्बोधक आहे. कॅप्टन फॉर्सिथ यांच्या १८७१ मधील ग्रंथात संगमरवरी कड्यांचे, त्यांवरील ऊन-सावलीचे जे वर्णन येते ते पुढे पर्यटनपुस्तिकांनी इतके वापरले की स्थळ पाहण्याआधीच ते वाचलेले असते. हे दूरच्या वाचकासाठी केलेले वर्णन. त्याच्या सत्तावीस वर्षे आधी, १८४४ मध्ये, स्लीमन यांचे ‘रॅम्बल्स अँड रिकलेक्शन्स’ प्रसिद्ध झाले. ठगांच्या बंदोबस्तासाठी नाव झालेला हा अधिकारी जबलपूरला दीर्घकाळ राहिलेला होता. हिमालयाकडच्या लांबच्या प्रवासाचे हे पुस्तक, पण त्याचे पहिले प्रकरण भेडाघाटच्या सहलीचे आहे. निघण्यापूर्वी स्नेह्यांसह पुन्हा एकदा तिथे जाऊन यावे, एवढाच त्या जाण्याचा हेतू. कार्तिक सरत आलेला, नदीकाठी जत्रा भरलेली. कड्यांइतकेच स्लीमन यांचे लक्ष जत्रेकडे जाते. लोक का जमतात, नदीविषयी काय सांगतात, याची ते विचारपूस करतात. ओळखीच्या स्थळी माणूस दृश्यावरून नजर काढून माणसांकडे वळवू शकतो. फॉर्सिथ यांचा परिच्छेद देखणा आहे. स्लीमन यांचे प्रकरण अधिक वाचनीय आहे.

कार्तिकाच्या त्या दिवसांना मराठी घरांत स्वतंत्र नाव आहे: आवळीभोजन. आवळ्याच्या झाडाखाली पंगत मांडायची, म्हणजे स्वयंपाकघर बरोबर घेऊन घराबाहेर पडायचे. वनभोजन हा त्याचा अधिक ऐहिक भाऊ. या शब्दांत सहलीचे जे चित्र आहे त्यात लघुनिबंधातला एकटा, चिंतनमग्न पुरुष कुठेच नाही. डबे आहेत, पाण्याची भांडी आहेत, लहान मुले आहेत, आणि निवांतपणाचा सारा भार वाहणाऱ्या बायका आहेत. ‘लीळाचरित्रा’तही आरोगणेची सिद्धता करणाऱ्या बाइसा आहेत, आणि म्हाइंभटाने त्यांना कथनाबाहेर ठेवलेले नाही. विसाव्या शतकातील ललित गद्याने मात्र सहलीतून हे श्रम वजा केले. सहल हा क्षुल्लक, सुखवस्तू विषय आहे असा जो आक्षेप घेतला जातो तो या वजाबाकीनंतर उरलेल्या सहलीला लागू पडतो.

नर्मदेविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे हे खरे. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंटे यांच्या लोकप्रिय ‘नर्मदे हर हर’पर्यंत हे लेखन परिक्रमेचे आहे. परिक्रमेतही परतणे असते, पण ते वाटेच्या आरंभबिंदूशी, घराशी नव्हे. घर मागे टाकणे ही तिची पूर्वअट आहे. त्या रचनेत भेडाघाट हा अनेक मुक्कामांपैकी एक ठरतो. तिथल्या माणसाचे रोजचे, शेजाराचे भेडाघाट तीत मावत नाही. मराठीने नर्मदा यात्रिकाच्या डोळ्यांनी पाहिली, शेजाऱ्याच्या नाही.

शेजाऱ्याचे नर्मदालेखन झाले ते जबलपूरलाच, पण अन्य भाषांत. अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) हे जबलपूरचे कच्छी गुजराती, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार आणि पेशाने अध्यापक. १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते जबलपूरहून मंडल्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. पुढे वर्षानुवर्षे सुट्टी मिळेल तसा एकेक टप्पा चालून त्यांनी परिक्रमा तुकड्यातुकड्यांनी केली. हे टप्पे दिवसभराचे नव्हते. पण दर खेपेला घरी येणे, वर्गावर जाणे आणि पुन्हा निघणे ही त्यांची घडण अवस्थान-विहरणाची आहे. त्यांनी परिक्रमेचे रूपांतर सहलींच्या मालिकेत केले, असे म्हटल्यास त्यांचा अधिक्षेप होत नाही. ‘सौंदर्य की नदी नर्मदा’मधील प्रसन्नता या घडणीतून आली आहे. तिथे वैराग्याचा ताण नाही, विरक्तीची भाषा नाही. सोबत्यांची थट्टा आहे, रात्री कोणाच्या ओसरीवर पथारी पडेल याची काळजी आहे. त्यांनी हिंदी आणि गुजराती दोन्हींत लिहिले. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार गुजराती पुस्तकाला मिळाला. घरी एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या माणसाने दोन्हींत लिहावे, हे जबलपूरच्या मराठी भाषकांना अशक्य नव्हते. माधवराव सप्रे आणि गजानन माधव मुक्तिबोध या मराठीभाषकांचा जबलपूरशी संबंध आला, पण दोघांचे कर्तृत्व हिंदीत फळाला आले. शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले ते नागपूरच्या बाजूला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात आणि जबलपूर दुसऱ्या राज्यात गेल्यावर जबलपूरच्या मराठीचा वाचक आणखी दूर गेला. जवळच्या गावाविषयी लिहायला जवळचा वाचक लागतो, आणि नेमका तोच उणा पडत गेला.

दरम्यान भेडाघाटच्या सहलीला एक वाङ्मयप्रकार लाभला आहे, तो नावाड्यांचा. पंचवटी घाटावरून कड्यांमधून नाव नेताना ते यमके जुळवीत समालोचन करतात. बंदरकूदनीची गोष्ट, ‘जिस देश में गंगा बहती है’पासून ‘अशोका’पर्यंतच्या चित्रीकरणांचे किस्से, नावेतल्या जोडप्यांवर कोट्या, सारे त्यात येते. या तुकबंदीला उथळ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु नावेचा वेग, वळणे आणि यमके यांचे नाते इतके घट्ट आहे की ही रचना त्या पाण्यावरच म्हणता येते, अन्यत्र नाही. शिवाय ती करणाऱ्यांसाठी भेडाघाट हे सहलीचे नव्हे, कामाचे ठिकाण आहे. इतरांच्या सुट्टीच्या दिवशी त्यांना उसंत नसते. ‘लीळाचरित्रा’तले विहरण सोबत्यांच्या संवादातून घडते. इथे संवादाचा एक पक्ष पैसे घेऊन बोलतो आणि दुसरा पक्ष हसतो. या संहितांचे संकलन कोणत्याही भाषाविभागाने तुलनात्मक अभ्यासासाठी हाती घ्यावे इतकी त्यांची योग्यता आहे.

आणि ते लवकर व्हावे. २०२१ मध्ये भेडाघाट-लम्हेटाघाट परिसराचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. वारसास्थळ होणे म्हणजे दूरच्या वाचकासाठी लिहिले जाणे. भूस्तर, कड्यांची उंची, कलचुरी शिल्प यांची माहिती अनेक भाषांत उपलब्ध होईल, आणि फॉर्सिथ यांचा परिच्छेद पुन्हा छापला जाईल. चौसष्ट योगिनींच्या वर्तुळाकार प्रांगणात, अल्हणदेवीने बाराव्या शतकात उभारलेल्या मंदिरापाशी जबलपूरची माणसे कोणत्या भाषेत आपसांत बोलत बसत, डब्यात काय असे, परतायची घाई कोणाला असे, हे त्या माहितीत येणार नाही. जबलपूरच्या मराठी घरांत ते अजून सांगितले जाते, बहुधा आजीकडून, आणि ऐकणारी नातवंडे हिंदीत उत्तर देतात.