दुर्मीळ कशाला म्हणायचे? बोआचे रंग आणि आपले मांडूळ

‘दुर्मीळ पांढरा साप सापडला’ अशी बातमी आपल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. ‘दुर्मीळ मांडूळ विकायला आलेले दोघे अटकेत’ ही बातमी तर त्याहून नेहमीची. अलीकडे त्यात तिसऱ्या बातमीची भर पडली आहे : परदेशातून चोरून आणलेले ‘दुर्मीळ रंगाचे’ साप विमानतळावर पकडले. तिन्ही बातम्यांत शब्द एकच, अर्थ मात्र तीन. पहिल्या बातमीत रंग दुर्मीळ आहे, दुसरीत प्राणी दुर्मीळ असल्याचा बोलबाला आहे आणि तिसरीत माणसाने मुद्दाम घडवलेली दुर्मीळता आहे. हे तीन अर्थ एकमेकांत मिसळले की विज्ञान बाजूला पडते आणि बाजार पुढे येतो.

मनमाडच्या एका शाळेत सापांविषयी बोलत असताना नववीतल्या एका मुलाने विचारले होते, “सर, अमेरिकेत लोक घरात बोआ पाळतात, त्यांच्यापासून नवे नवे रंग काढून विकतात. मग आपण मांडुळांची तशी शेती का करू नये?” वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मनमाड, नांदगाव, येवला, चांदवड हा कोरडवाहू भाग. इथे शेतात मांडूळ निघते आणि त्याचे लाखो रुपये मिळतात ही अफवा मुलांच्या कानावर असते. या प्रश्नाला ‘कायद्याने गुन्हा आहे’ एवढेच उत्तर देणे बरोबर असले तरी अपुरे आहे. म्हणून आधी त्या परदेशी छंदाचीच नीट तपासणी करू.

रंग कसे घडतात?

बोआ कन्स्ट्रिक्टर हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला मोठा बिनविषारी साप. भक्ष्याला विळखा घालून आवळण्याची त्याची रीत आपल्या अजगरासारखी. फरक असा की अजगर अंडी घालतो, तर बोआची मादी थेट पिल्लांना जन्म देते. आपले मांडूळही बोआच्याच गणगोतातले आणि तेही पिल्लांनाच जन्म देते.

सापाच्या कातडीत प्रामुख्याने तीन प्रकारच्या रंगपेशी असतात. एका प्रकारात काळे-तपकिरी मेलॅनिन असते, दुसऱ्यात पिवळी-तांबडी रंगद्रव्ये असतात आणि तिसऱ्यात प्रकाश परावर्तित करणारे सूक्ष्म स्फटिक. मेलॅनिन तयार होण्याच्या साखळीतली एखादी कडी जनुकातील बिघाडामुळे तुटली, की काळा रंग नाहीसा होतो आणि पिवळा-तांबडा उरतो. म्हणून वर्णकहीन बोआ पांढराशुभ्र नसतो, तो नारिंगी-पिवळा दिसतो. उलट तांबडा रंग नाहीसा झाला तर साप काळा-करडा दिसतो. दोन्ही बिघाड एकाच सापात एकत्र आले, की फिकट, जवळजवळ पांढरा साप मिळतो. पैदासकार त्याला ‘स्नो’, म्हणजे बर्फ, म्हणतात.

हे दोन्ही गुण अप्रभावी आहेत. वर्णकहीन बोआचा तांबडेपणा नसलेल्या बोआशी संकर केला, तर पहिल्या पिढीतली सगळी पिल्ले नेहमीच्या रंगाची निघतात. ती मोठी करून त्यांचा आपसांत संकर केला की दुसऱ्या पिढीत मेंडेलच्या वाटाण्यांचेच प्रमाण अपेक्षित असते : ९:३:३:१. सोळांत एक ‘स्नो’. वाटाण्याचे पीक वर्षाला मिळते. बोआची मादी प्रजननक्षम व्हायला मात्र सुमारे तीन-चार वर्षे लागतात. म्हणजे या एका पिल्लासाठी सात-आठ वर्षांची वाट पाहणे आले. नव्या रंगाची किंमत सुरुवातीला का चढते, याचे उत्तर या गणितात आहे.

जमेची बाजू

या छंदाकडे नुसते नाक मुरडून पाहणे योग्य नाही. चांगला पैदासकार प्रत्येक सापाची वंशावळ लिहून ठेवतो आणि त्याला संभाव्यता पक्की समजते. दोन विषमयुग्मजी सापांच्या पिल्लांपैकी जी नेहमीच्या रंगाची दिसतात, त्यांतल्या प्रत्येकात लपलेले जनुक असण्याची शक्यता दोन-तृतीयांश असते. पैदासकार त्या पिल्लाच्या चिठ्ठीवर ‘६६ टक्के’ असे लिहितात. ‘एक-द्वितीयांश का नाही?’ हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. चटकन उत्तर देणारे फार थोडे निघतील. (चारांपैकी एक वर्णकहीन म्हणून डोळ्यांनीच वगळले गेले, उरलेल्या तिघांपैकी दोघे वाहक.)

आणखी एक उदाहरण तर पाठ्यपुस्तकात जावे इतके सुंदर आहे. वर्णकहीन बोआंचे ‘काल’ आणि ‘शार्प’ असे दोन वाण पैदासकारांच्या आडनावांवरून ओळखले जातात. दोन्ही नारिंगी, दोन्ही अप्रभावी. पण त्यांचा एकमेकांशी संकर केला तर पिल्ले नेहमीच्या रंगाची निघतात! कारण बिघाड दोन वेगळ्या जनुकांत आहेत. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. दिसायला सारखे म्हणजे जनुकानेही सारखे नव्हे, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही. बॉल पायथन या आफ्रिकी अजगरात असे वेगवेगळे बिघाड नेमक्या कोणत्या जनुकांत आहेत, हे अमेरिकेतील ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात शोधले गेले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामासाठी सापांना सुईसुद्धा टोचावी लागली नाही. लोकांकडून सापांच्या काती मागवल्या आणि त्यांतूनच डीएनए मिळवला.

रंगामुळे एक मोठा शोधही हाती लागला. एका बोआ मादीने दोन वेतांत मिळून २२ पिल्ले दिली. सगळ्या माद्या, आणि सगळ्यांचा रंग आईसारखाच, ‘कॅरमेल’ नावाचा अप्रभावी. तिच्या सहवासातल्या नरांकडे तो रंग नव्हता. डीएनए तपासल्यावर दिसले की या पिल्लांना बाप नाहीच; हे अनिषेकजनन होते. हे काम वॉरेन बूथ आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या अखेरीस प्रसिद्ध केले. सापांतील माद्यांची लिंगगुणसूत्रे पक्ष्यांप्रमाणे झेडडब्ल्यू असतात असे तेव्हा धरले जाई. त्यामुळे ही पिल्ले चमत्कारिक ‘डब्ल्यूडब्ल्यू’ असावीत, असा अर्थ लावला गेला. २०१७ साली दुसऱ्या संशोधकांनी दाखवले की बोआंमध्ये आपल्यासारखी एक्सवाय पद्धत आहे. म्हणजे बापाविना झालेल्या माद्या साध्या एक्सएक्स होत्या. निरीक्षण टिकले, स्पष्टीकरण बदलले. विज्ञान असेच पुढे सरकते.

कुठे चुकते?

आता उणे बाजू. पहिली गोष्ट, ही दुर्मीळता स्वतःलाच खाणारी आहे. रंगाची पैदास यशस्वी झाली की पिल्लांची संख्या वाढते आणि दर कोसळतो. वर्णकहीन बोआ एके काळी हजारो डॉलरना विकला जाई, आता काही शे डॉलरना मिळतो. मग बाजार टिकवायला दोन, तीन, चार बिघाड एकत्र आणायचे आणि ‘सनग्लो’, ‘मूनग्लो’ अशी मोहक नावे द्यायची. ही नावे वर्गीकरणाची नाहीत, दुकानाच्या पाटीची आहेत. जाती तीच, साप तोच.

दुसरी गोष्ट नात्यातल्या संकराची. एखादा नवा अप्रभावी रंग एकाच सापात सापडला असेल, तर तो पुन्हा दिसण्यासाठी बापलेकींचा किंवा भावंडांचा संकर करावा लागतो. त्यात रंगाबरोबर लपलेले इतर दोषही समयुग्मजी होऊन वर येण्याची शक्यता वाढते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत गंभीर आहे : कधी कधी दोष रंगाच्या जनुकातच असतो. बॉल पायथनचा ‘स्पायडर’ नावाचा जाळीदार वाण वर्षानुवर्षे लोकप्रिय होता. या सापांची मान डुलते, डोके वाकडे होते, भक्ष्यावरचा नेम चुकतो. ‘त्याला काही त्रास होत नाही’ असे विकणारे सांगत. २०२२ साली सूक्ष्म सीटी चित्रणातून दिसले की या सापांच्या अंतर्कर्णाची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची, घडणच बिघडलेली असते. लेपर्ड गेको या पालीतला ‘लेमन फ्रॉस्ट’ हा वाणही तसाच. झगझगीत पिवळा-पांढरा, पण त्यातील बहुसंख्य पालींना परावर्तक रंगपेशींच्याच गाठी होतात, आणि त्यामागे एकच जनुक असल्याचे २०२१ साली दाखवले गेले. ज्या पेशींमुळे पाल महाग झाली, त्याच तिच्या अंगावर उलटल्या. हा रंग जिवाला परवडतो का, हा प्रश्न पैदास करण्याआधी विचारायला हवा होता. तो बाजारात माल पोचल्यावर विचारला गेला.

चौथी गोष्ट, ‘आम्ही पैदास करतो म्हणून निसर्गातला साप वाचतो’ हा दावा. पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांमुळे जंगलातून साप पकडण्याची गरज काही प्रमाणात कमी होते, हे मान्य. पण रंगासाठी निवडलेले, नात्यात संकर झालेले हे साप जंगलातली घटती संख्या भरून काढायच्या कामाचे नाहीत. उलट पाळीव बोआ बाहेर सुटले तर काय होते, ते अरूबा बेटावर दिसले. १९९९ साली तिथे पहिला बोआ नोंदला गेला. आज तो तिथल्या पक्ष्यांना आणि सरड्यांना खाणारा पक्का रहिवासी झाला आहे.

आपल्याकडेही ही हौस पोचली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक पकडले. ते बिस्किटे आणि केकच्या पुड्यांत लपवले होते. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि बोआ व पायथन यांसारखे आंतरराष्ट्रीय यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली. त्यासाठीचे नियम २०२४ साली आले. म्हणजे बोआचा प्रश्न आता फक्त अमेरिकेचा राहिलेला नाही.

आता मांडूळ

त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. मांडुळाचे शास्त्रीय नाव एरिक्स जॉनी. बोथट शेपटी तोंडासारखी दिसते म्हणून लोक त्याला दुतोंडी म्हणतात. सहा महिने या तोंडाने आणि सहा महिने त्या तोंडाने चालते, असेही सांगतात. प्रत्यक्षात धोका दिसला की मांडूळ डोके वेटोळ्यात लपवते आणि शेपूट पुढे करते. शत्रूचा पहिला घाव डोक्याऐवजी शेपटीवर बसावा, एवढीच ही युक्ती. चोरट्या व्यापारात त्याला ‘डबल इंजिन’ म्हणतात. मनमाडसारख्या रेल्वेच्या गावात या शब्दाने गाडीच आठवावी. पण अफवेला स्टेशन लागत नाही.

मांडुळाला किंमत सांगितली जाते ती वजनावर, आणि कारणे सांगितली जातात ती गुप्तधन, भरभराट आणि औषध अशी. यांतल्या एकालाही कसलाही आधार नाही. बोआ विकत घेणाऱ्याला निदान पैशाच्या बदल्यात रंग मिळतो; तो डोळ्यांना दिसतो, पुढच्या पिढीत तपासता येतो. मांडूळ घेणारा जी शक्ती विकत घेतो ती मांडुळात नसतेच. जे नाही त्याची शेती कशी करणार? हजार मांडुळे जन्माला घातली तरी एकातूनही गुप्तधन निघणार नाही. या व्यवहारात एक माणूस दुसऱ्याला फसवतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटी साप मरतो आणि पकडला जातो तो बहुधा गावातला गरजू तरुण. मांडूळ पकडणे, बाळगणे आणि विकणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे त्यानंतर सांगितले तर मुलांना नीट पटते.

मांडुळाची खरी किंमत मनमाडकरांना वेगळी समजावून सांगायला नको. गावात अन्न महामंडळाची मोठी धान्यकोठारे आहेत, भोवती बाजरी-मक्याची शेते आहेत; उंदीर म्हणजे काय ते इथल्या माणसाला ठाऊक आहे. मांडूळ भुसभुशीत मातीत राहते आणि उंदरांवर जगते. ते चावले तरी विषबाधा होत नाही. त्याचे मोल वजनकाट्यावर दिसत नाही, शेतात दिसते. तेही ते शेतात राहिले तरच.

वर्गात करण्यासारखे

एक छोटे गणित मुलांना जरूर द्यावे. समजा, एखाद्या भागात १०,००० सापांमागे एक वर्णकहीन असतो. हार्डी आणि वाइनबर्ग यांच्या नियमाने त्या अप्रभावी जनुकाचे प्रमाण शंभरात एक येते, आणि ते लपवून असणाऱ्या वाहकांचे प्रमाण जवळजवळ पन्नासात एक. म्हणजे वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आलेला साप दुर्मीळ खरा. पण त्याचे जनुक गावातल्या साध्यासुध्या सापांत गुपचूप फिरतच असते. रंग दुर्मीळ आणि जनुक त्या मानाने नेहमीचे, हे कळले की ‘चमत्कार’ आपोआप विरतो.

यापुढे ‘दुर्मीळ’ हा शब्द वाचला की मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे : दुर्मीळ काय आहे, रंग की जाती? हे कोणी आणि कसे मोजले? आणि दुर्मीळ म्हटल्याने फायदा कोणाचा होतो, प्राण्याचा की विकणाऱ्याचा? बोआच्या बाजाराला तिसरा प्रश्न अडचणीचा ठरतो. मांडुळाचा बाजार पहिल्याच प्रश्नापाशी कोलमडतो.